वाचक विचारतात : चांदीच्या पत्र्यावरचे फ्रँकलिन

प्रश्न : आर्क्टिक मोहिमेचे प्रमुख सर जॉन फ्रँकलिन यांचा १८४५ चा फोटो पाहिला. चेहरा सुजल्यासारखा, नजर मलूल. तेव्हा बराच वेळ हलता यायचं नाही, त्यामुळे असं झालं का? या फोटोंचे दोन संच आहेत असंही वाचलं. मग मूळ कोणता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वेळेला दोष देऊ नका. फ्रँकलिन तेव्हा ५९ वर्षांचे होते आणि फ्लूने आजारी होते. लंडनच्या रिचर्ड बियर्ड यांच्या स्टुडिओने मे १८४५ मध्ये ग्रीनहाइथला ‘एरेबस’ जहाजावर हे फोटो घेतले; ते त्यांच्या पत्नी लेडी फ्रँकलिन यांच्या सांगण्यावरून काढले होते. १९ मे रोजी जहाजं निघाली. फोटो चौदा जणांचे आहेत : तेरा ‘एरेबस’वरचे आणि मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजाचा, ‘टेरर’चा, एकटा कप्तान क्रोझियर. १२९ जणांपैकी कुणीच परतलं नाही, म्हणून या पत्र्यांना एवढं मोल.

हे डॅगेरोटाइप आहेत. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा असतो. तो आधी आरशासारखा घासायचा. इथे कसर राहिली तर पुढे चेहऱ्यावर धूसर पडदा किंवा रेघा दिसतात, आणि मग काही उपाय नाही. नंतर आयोडीनच्या वाफेवर धरायचा. रंग पिवळा, मग गुलाबी होत जातो, आणि कारागीर त्या रंगावरूनच अंदाज घेतो. त्यावर ब्रोमिनची वाफ, की पत्रा प्रकाशाला कितीतरी पटींनी तेज होतो. १८३९ मध्ये एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. ब्रोमिन आणि जोसेफ पेट्झवाल यांनी आखलेली नवी भिंगं आल्यावर उघड्यावरच्या चांगल्या उजेडात काही सेकंद पुरू लागले. पुढे साधारण ७५ अंश सेल्सिअसला तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटतं, हायपो या रसायनाने पक्कं होतं. शेवटी पत्र्यावर गोल्ड क्लोराइडचं पाणी ओतून खालून स्पिरिटचा दिवा लावायचा. सोन्याचा हा हात फिरला की रंग उबदार होतो आणि चित्र थोडं बळकट होतं.

प्रकाश जास्त झाला तर पांढरी कॉलर आणि शर्टाची छाती चक्क निळसर येते. जुन्या डॅगेरोटाइपमध्ये निळा शर्ट दिसला तर तो बहुधा पांढराच होता!

आता संचांचं. डॅगेरोटाइपला निगेटिव्ह नसते. दुसरा हवा असेल तर पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसायचं, नाहीतर पहिल्या पत्र्याचाच फोटो घ्यायचा. त्यामुळे निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतींसारखा ‘मूळ आणि प्रत’ हा हिशोब इथे सरळ लागू पडत नाही. एक संच केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे, दुसरा २०२३ मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. आणखी एक : कॅमेऱ्यात आरसा किंवा प्रिझम बसवलेलं नसेल तर डावं-उजवं उलटतं. एखाद्या डॅगेरोटाइपमध्ये पदकं उजव्या छातीवर दिसली तर घाईने निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या पेटीत चामड्याच्या डबीतला असाच चकचकीत फोटो निघाला. कडेने तपकिरी-निळे पट्टे आहेत. चांदीच्या भांड्यांच्या पावडरीने पुसला तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. चित्र म्हणजे पत्र्यावर बसलेले चांदी-पाऱ्याचे अतिसूक्ष्म कण. कापसाच्या एका फटकाऱ्यात डोळा पुसला जातो आणि तो परत येत नाही.

आधी हा डॅगेरोटाइपच आहे ना ते बघा. डबी तिरकी करा : चित्र कधी सरळ, कधी निगेटिव्हसारखं दिसतं आणि मधल्या कोनात तुमचा चेहरा दिसतो. तसं होत नसेल तर अँब्रोटाइप (काचेवरचा) किंवा टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरचा) असेल. टिनटाइपला लोहचुंबक चिकटतो.

पट्टे म्हणजे चांदी काळवंडणं. काच आणि पत्रा कडेने कागदी पट्टीने बंद केलेले असतात. ती पट्टी जुनी होऊन फाटली की हवा तिथून आत शिरते, म्हणून रंग कडेपासून आत सरकतो. पूर्वी थायोयुरिया या रसायनाने धुवायचे. पत्रा लगेच उजळायचा, पण चांदी खरवडली जायची आणि काही काळाने डाग परतायचे. काचेच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले तर ती जुनी काच पाझरते आहे. ती बदलून नवी पट्टी लावणं हे फोटो-संवर्धकाचं काम.

तुमच्या हातात एवढंच : डबी उघडू नका, आम्लमुक्त खोक्यात ठेवा, कपाटात आर्द्रता ४०–५० टक्के राहील असं बघा. कोकणात पावसाळ्यात हे कठीणच, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की बदला. नक्कल हवी असेल तर स्कॅनरवर घालू नका. काळ्या पुठ्ठ्याला भिंगाएवढं भोक पाडा, त्यातून कॅमेरा रोखा आणि उजेड बाजूने द्या. आरशासारख्या पत्र्यात काळ्या पुठ्ठ्याचं प्रतिबिंब पडलं की चित्र स्वच्छ उठतं.