१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाखेरीज आणखी काय घडलं?

सगळ्यात जवळची जोड १९४८ चीच. निजामाने हैदराबाद रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची हत्या झाली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या संविधानावर सह्या झाल्या, १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या, १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायलमधला कॅम्प डेव्हिड करार झाला. प्रबोधनकार ठाकरेंचा जन्मही याच तारखेचा, १८८५ चा.

शाळेच्या फलकावर लिहिताना एक चूक हमखास होते: औपचारिक शरणागती १७ ची नव्हे, १८ ची. त्या दिवशी निजामाचे सेनापती अल इद्रूस भारतीय लष्कराच्या जनरल चौधरींना शरण आले. हैदराबादवरची भारतीय लष्कराची कारवाई सुरू झाली १३ ला. ‘१७ ला युद्धबंदी’ एवढंच लिहा, म्हणजे कुणी खोडणार नाही.