ह्यांचं सीपॅप मशीन विमानात न्यायचं कसं?

प्रश्न: ताई नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुढच्या महिन्यात मुंबईहून न्यू जर्सीला चाललोय, डायरेक्ट विमान आहे, सोळाएक तासांचं. ह्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडकतो, म्हणून दीड वर्षापासून रात्री सीपॅप मशीन लावतात, ते मास्कमधून दाबाने हवा देतं. जावई म्हणतात मोठ्या बॅगेत टाकून द्या. हे म्हणतात एक रात्र नाही लावलं तर काय बिघडतंय, चारचौघांत तो मास्क नको. इकडे डिंकाच्या लाडवांनी केबिन बॅग आत्ताच भरलीय. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: काकू, जावयांचं एवढ्यापुरतं ऐकू नका. मशीन चेक-इनमध्ये अजिबात टाकायचं नाही, बॅगा आपटतात ते एक, पण बॅग चुकून भलतीकडे गेली तर काकांची पहिल्याच रात्री पंचाईत, आणि अमेरिकेत हे मशीन प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. लाडवांची जागाही जात नाही हो! अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना तिथला नियम आहे, २००९ पासून परदेशी कंपन्यांनाही, की असलं मशीन केबिन बॅगेच्या मोजणीत धरायचं नाही. फक्त त्याची पिशवी वेगळी ठेवा आणि त्यात दुसरं काही कोंबू नका, दोन लाडू जरी घातले तरी ती मोजणीतली बॅग होते. सोबत डॉक्टरांचं लेटर, इंग्रजीत, एक कॉपी फोनमध्ये.

आता विजेचं. सीटला प्लग असतो म्हणून निश्चिंत राहू नका, कधी तो चालत नाही, कधी जास्त वीज ओढली की आपोआप बंद पडतो, आणि सगळ्यात जास्त वीज खातं ते पाणी गरम करणारं ह्युमिडिफायर, म्हणून विमानात ते बंदच ठेवा. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी फोन करून मशीनचं मॉडेल सांगा, प्लग मिळेल का ते विचारा. बॅटरी आणा म्हणाले तर किती तासांची तेही विचारा, कारण प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी मागायची मुभा त्यांना आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत २४ तासांची. बॅटरीवर वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते, लिहिलेले असतात. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० असेल तर कंपनीची परवानगी लागते आणि जास्तीच्या दोनच नेता येतात. सुट्या बॅटऱ्या कायम केबिनमध्येच. मोबाईलच्या पॉवर बँकवर भिस्त ठेवू नका, सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केलीय.

निघताना ह्युमिडिफायरच्या टाकीतलं पाणी ओतून टाका. हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतेय, पहिल्या वेळी घाईत विसरले, सिक्युरिटीला पिशवी आडवी झाली आणि पाणी सरळ मशीनच्या पोटात, सुरू केलं तर आत नुसतं गुळगुळ गुळगुळ. पुढचे तीन दिवस मशीन बहिणीच्या खिडकीत वाळत होतं आणि मी खुर्चीत बसून झोपत होते. सिक्युरिटीला मशीन बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, म्हणून एक पारदर्शक पिशवी न्या आणि मशीन त्यात घालूनच ठेवा, तो ट्रे किती मळका असतो ते बघितलंत की कळेल का ते.

काकांना सांगा, विमानातली हवा महाबळेश्वरपेक्षाही उंचावरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे ऑक्सिजन आधीच थोडा कमी, त्यात झोपेत श्वास अडकायचा. पूर्ण प्रवास जागे राहणार असतील तर गोष्ट वेगळी, पण सोळा तास कोण जागं राहतं? एक रात्र सुटली तर चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि काहीही झालं तरी मनाने झोपेची गोळी नको, फुकटची व्हिस्की नको. राहिली लाज, तर मास्क लावलेला माणूस गप्प झोपतो, न लावलेल्याचं घोरणं मात्र मागच्या पाच रांगांना ऐकू जातं, आता त्यांनीच ठरवावं.

हो, आणि मशीनच्या अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा, असेल तर तिकडे फक्त दोन चपट्या पिनांचा कन्व्हर्टर लागेल.

प्रश्न: ताई, प्रवासासाठी छोटं सीपॅप वेगळं घ्यावं का? वर्षातून एकदा मुलाकडे जातो.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: एकदाच जात असाल तर माझं मत नको. हलकं असतं, वीज कमी खातं, ते खरं, पण बऱ्याच छोट्या मशीनला पाण्याची टाकी नसते आणि काहींना ठरावीक मास्कच बसतात, म्हणजे तुमचा सवयीचा मास्क गेला. तरी घ्यायचंच असेल तर आधी आठवडाभर घरी लावून झोपा, विमानात पहिल्यांदा खोका उघडू नका.