रिअ‍ॅक्टरमध्ये सगळं एकत्र भरू का?

प्रश्न : माझी माशांची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. चार एंजल, वीस-बावीस कार्डिनल टेट्रा, अनुबियास आणि जावा फर्न. मध्ये मोठं लाकूड आहे. दोनदा उकळून घातलं, तरी सहा महिने झाले, पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. अनुबियासच्या पानांच्या कडांना काळं, दाढीसारखं शेवाळ धरलंय. पाणी तपासायच्या किटमध्ये नायट्रेट ४० आणि फॉस्फेट २ आलं. दिवा रोज अकरा तास असतो. सध्या वर टॉप फिल्टर आहे. दुकानदार म्हणाला, आरओच्या हाउसिंगचा, म्हणजे फिल्टरच्या बंद भांड्याचा, रिअ‍ॅक्टर (पंपाने दाण्यांतून पाणी ढकलणारा फिल्टर) करा, त्यात कार्बन, जीएफओ आणि झिओलाइटचे थर लावा, मग पाणी बदलायची कटकट संपली. ताशी १००० लिटरचा पंप आणलाय. हाउसिंग अजून घ्यायचंय. कसं जोडू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमची टाकी साधारण अडीचशे लिटरची. तुमचा पंप ठेवू, दुकानदाराचा सल्ला मात्र परत करू.

जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे गंजाच्या रंगाचे दाणे. ते फॉस्फेट धरतात, सिलिकेटही धरतात. पण झाडं असलेल्या टाकीत २ फॉस्फेट म्हणजे काही संकट नाही. झाडांना ते लागतं. जीएफओने ते एका आठवड्यात शून्यावर आणलंत तर आधी उपाशी राहील ते तुमचं जावा फर्न, आणि शेवाळ जाईलच याची हमी मी देणार नाही. त्याआधी नळाचं पाणी त्याच किटने तपासा. तिथेच १ आलं तर अर्धा दोष टाकीचा नाहीच. आणि फ्रोझन ब्लडवर्म देत असाल तर ते वितळल्यावर सुटणारं लाल पाणी मोरीत ओता, टाकीत नको.

झिओलाइट नावाचं खनिज अमोनिया ओढतं. सहा महिने चाललेल्या टाकीत अमोनिया खायला जिवाणू बसलेलेच आहेत. त्यांच्या तोंडचा घास काढून काय मिळवायचं? शिवाय उद्या माशांना पांढरे ठिपके आले आणि तुम्ही मीठ घातलंत, तर हेच झिओलाइट धरलेला अमोनिया परत पाण्यात सोडतं. नवीन टाकीत किंवा मासे प्रवासाला नेताना ते उपयोगी. तुमच्याकडे नाही.

राहिला कार्बन, म्हणजे सक्रिय केलेला कोळसा. पिवळा रंग टॅनिनचा आहे, लाकडातून उतरणारा, आणि तो कार्बन नक्की काढतो. माशांना त्या रंगाचा त्रास नाही, हेही सांगून ठेवते. कार्डिनलचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतली रिओ निग्रो नदी, आणि तिचं पाणी तुमच्या टाकीपेक्षा गडद असतं. रंग डोळ्यांत खुपतोय तो तुमच्या. त्यात गैर काही नाही, माझ्याही खुपतो. (जाता जाता : एंजल मोठे झाले की कार्डिनल अधूनमधून मोजत जा.)

नायट्रेट मात्र यातलं काहीही काढत नाही. ते मुख्यतः पाणी बदलूनच कमी होतं. चौथा हिस्सा पाणी बदललं की ४० चे ३० होतात, असा सरळ हिशोब. तेव्हा ‘कटकट संपली’ हे विसरा. दर आठवड्याला बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन काढून.

आता जोडणी. दहा इंची हाउसिंग घ्या, भांडं पारदर्शक, तोंडं अर्ध्या इंचाची. आरओवाल्याकडे पाव इंची तोंडाची पटकन मिळतात, पण आपल्या लहान पंपाच्या जोरावर त्यांतून पाणी नीट जात नाही. सोबत रिकामं, परत भरता येणारं कार्ट्रिज घ्या. तेही पारदर्शक मिळालं तर उत्तम, नाहीतर आत काय चाललंय ते दिसत नाही. दोन निपल, टेफ्लॉन टेप, नळीला क्लिपा आणि एक प्लास्टिकचा कॉक. बाकी काही नको.

डोक्यावर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं. ‘इन’मधून आलेलं पाणी कार्ट्रिजच्या बाहेरून खाली उतरतं, बुडाच्या भोकांतून आत शिरतं, कार्बनमधून वर चढतं आणि मधल्या तोंडातून बाहेर पडतं. नळ्या उलट्या लावल्या तर पाणी वरून खाली येतं, भुकटी बुडाशी दाबून बसते आणि धार मंदावते. कार्ट्रिजच्या डोक्यावर एक रबरी वॉशर असतो, तो हाताने चाचपून बघा. माझ्या पहिल्या हाउसिंगमध्ये तो नव्हता. पाणी फटीतून थेट ‘आउट’कडे जायचं आणि कार्बन आत आरामात बसलेला. दोन महिने मी ‘हा कार्बनच भिकार’ म्हणत होते.

भरताना बुडाशी स्पंजची चकती, त्यावर दीड वाटी कार्बन, वर पुन्हा स्पंज, उरलेली जागाही स्पंजनेच भरा. दाबून चोंदू नका, पण दाणा जागचा हलता कामा नये. जीएफओचं उलटं असतं : वरच्या थरातले दाणे हलकेच हलायला हवेत, भाताला उकळी फुटायच्या आधी हलतात तसे, नाहीतर त्यांचा दगड होतो. कार्बन असा हलवला की दाण्याला दाणा घासतो आणि पीठ पडतं. दोन्ही एका भांड्यात नको म्हणते ते यासाठीच.

हे मी अनुभवाने सांगतेय. हरतालिकेच्या रात्री, दुसऱ्या दिवशी घरात गणपती बसायचे म्हणून टाकी लखलखीत करायला गेले आणि कार्बन धुवायचा कंटाळा केला. वर पंप पूर्ण सोडला. सकाळी सहाला दिवा लावला तर मासे दिसेनात, पाणी काळं कुळकुळीत. आरतीला आलेल्या चुलत सासूबाईंनी विचारलं, ‘अगं, यात शाई सांडली का?’ मासे वाचले. मी दिवसभर बादल्या वाहिल्या.

म्हणून कार्बन आधी बारीक गाळणीत घालून नळाखाली धुवा, खालचं पाणी नितळ होईपर्यंत. मग पंप स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवून रिअ‍ॅक्टर चालवा आणि पहिल्या दोन बादल्या मोरीत जाऊ द्या. त्यानंतरच नळी टाकीत.

पंप तुम्हाला मोठा झालाय, पण चालेल. पंप आणि हाउसिंगच्या मधे कॉक लावा, बाहेरच्या नळीला नको. तिथे लावला तर सगळा दाब भांड्यावर येतो. कॉक हळूहळू आवळा आणि एक लिटरचं मापटं वीस सेकंदांत भरेल तिथे थांबा. म्हणजे ताशी १८० लिटर, एवढं पुरे. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर कार्बनच कचरा गाळायला लागतो आणि आठवड्यात चोंदतो.

हाउसिंग टाकीखालच्या कपाटात ठेवणार असाल तर पंप तळाशी नको, पाण्याच्या पातळीखाली चार इंचांवर चिकटवा आणि परतीच्या नळीचं टोक पृष्ठभागाच्या जरा वर ठेवा. कधी भांड्याच्या तोंडाची रबरी ओ-रिंग गळली तर पाणी पंपाच्या तोंडापर्यंतच उतरेल. तुमच्या टाकीत चार इंच म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर. फरशी भिजेल, पण मासे राहतील. मात्र एवढंच पाणी तुम्ही दर आठवड्याला बदलणार आहात, तेव्हा आधी पंप बंद करा, नाहीतर तो कोरडा फिरून जळेल. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात.

वीज चार-सहा तास गेली तर भांड्यातलं पाणी साचून त्यातला प्राणवायू संपतो. वीज आल्यावर परतीची नळी आधी बादलीत धरा, दोन-तीन लिटर वास मारणारं पाणी जाऊ द्या, मग टाकीत सोडा.

कार्बन घेताना त्यातला एक चमचा कपभर आरओच्या पाण्यात एक दिवस भिजवा आणि त्या पाण्याचं फॉस्फेट बघा. काही कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात. टॅनिनचे रेणू मोठे असतात, त्यामुळे बारीक छिद्रांच्या करवंटीच्या कार्बनपेक्षा दगडी कोळशाचा कार्बन त्यांना जास्त धरतो. करवंटीचा वाईट नाही, लवकर भरतो इतकंच. चार आठवड्यांनी बदला, किंवा टाकीतलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन शेजारी नळाच्या पाण्याची वाटी ठेवा. फरक दिसला की बदला.

आणि एक, कार्बन लावायच्या आदल्या दिवशीच दिवा अकरावरून सात तासांवर आणा. आत्ता ते चहासारखं पाणी उजेड अडवतंय. ते नितळ झालं की सगळा उजेड अनुबियासवर पडेल, आणि ते सावलीतलं झाड. दिवा अकरा तासच ठेवलात तर काळी दाढी आणखी वाढेल. जास्त धरलेली पानं देठापासून कापून टाका, नवी येतील, जरा सावकाश.

प्रश्न : वापरलेला कार्बन तव्यावर भाजून पुन्हा वापरता येतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. कारखान्यात तो वाफेत, हवा लागू न देता ८०० अंशांच्या पुढे तापवतात. तव्यावर फक्त वाळतो आणि घरभर माशांचा वास सुटतो. जुना कार्बन कुंडीत घाला.

प्रश्न : मिथिलीन ब्लू चालू असताना कार्बन रिअ‍ॅक्टर बंद करायचा की चालू ठेवायचा?
– एक वाचक, वास्को

उत्तर : कार्बन काढा आणि रिकामं हाउसिंग चालू ठेवा. कार्बन असला तर औषधाचा निळा रंग काही तासांत फिका होतो आणि औषध कमी पडलं म्हणून तुम्ही आणखी ओतता. जमलं तर आजारी मासा वेगळ्या बादलीत ठेवून तिथे औषध द्या. मोठ्या टाकीत ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. औषधाचे दिवस संपले की ताजा कार्बन भरा. एका दिवसात पाणी नितळ दिसायला लागेल, सिलिकॉनच्या सांध्यांना मात्र निळी झाक राहते. माझ्या टाकीला ती अजून आहे.