तात्यांनी आता युद्ध विसरायला हवे का?

समुपदेशक म्हणून मला माजी सैनिकांच्या मुलांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "वडील अजूनही पलटणीतल्या जुन्या सोबत्यांना फोन करत राहतात, गेलेल्यांची नावे घेतात आणि डिसेंबर आला की अस्वस्थ होतात, हा आजार तर नाही ना, आणि त्यांना यातून बाहेर कसे काढावे?" सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाच्या अनुभवावरून मी याचे उत्तर देत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पंचाहत्तरी ओलांडलेले तात्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा सर्वांत जवळचा सोबती वारला, तेव्हापासून त्यांचे फोन वाढले आणि झोप कमी झाली. मुलाने काळजीपोटी खडकीची वार्षिक फेरी बंद करायला सांगितली, तसे तात्यांनी घरात बोलणेच सोडले.

पहिल्या भेटीत मी त्यांना काम कसले होते एवढेच विचारले. त्यांनी माझ्या टेबलावरचे पेन उचलले, ते जवळजवळ आडवे धरले आणि सांगितले की सुरुंग शोधताना टोचणी जमिनीत सरळ खाली खुपसायची नसते, सुमारे तीस अंशांच्या कोनात सरकवायची असते, म्हणजे टोक सुरुंगाच्या माथ्यावर न दाबता त्याच्या कडेला लागते. अंधारात, पोटावर सरपटत, वीत-वीत जमीन अशी तपासायची आणि मोकळ्या झालेल्या वाटेच्या कडेने पांढरी फीत लावायची. "रणगाडा मागून येतो, साहेब. आम्ही त्याच्या पुढे," ते म्हणाले. त्यांच्या तुकडीतले दोघे अशीच एक वाट काढताना मारले गेले होते.

येथे एक गोष्ट कुटुंबीयांनी समजून घेणे मला आवश्यक वाटते. १९७१ च्या युद्धातील बसंतरच्या लढाईत रणगाड्यावर लढताना धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव आपल्याला ठाऊक असते, आणि ते असायलाच हवे; परंतु त्याच लढाईत रणगाड्यांसाठी सुरुंगक्षेत्रातून वाट काढणाऱ्या ९ इंजिनिअर रेजिमेंटच्या जवानांची नावे फार थोड्यांना सांगता येतील. १९४८ मध्ये राजौरीच्या रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून परमवीरचक्र मिळवणारे बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे हे अपवाद आहेत. ज्यांची नावे कोणी घेत नाही, त्यांची नावे सोबत्यांनी घेणे हे कर्तव्यच आहे, आणि तात्या ते त्याच भावनेने करत होते.

शोकाकडे पाहण्याची समुपदेशकांची दृष्टीही १९९० च्या दशकापासून बरीच बदलली आहे. मृताशी असलेले नाते तोडले म्हणजेच मन सावरते, असे आता मानले जात नाही. ते नाते वेगळ्या रूपात जपत माणूस नीट जगू शकतो. म्हणून आठवण काढण्यापेक्षा त्या आठवणीभोवती काय घडते, ते पाहावे. तीच भयस्वप्ने पुन्हा पुन्हा पडणे, फटाक्याच्या आवाजाने घाम फुटणे, झोपेसाठी दारूचा आधार घेणे, "मीच का वाचलो" या विचाराने जेवण सुटणे किंवा जगण्याची इच्छा उरली नसल्याचे बोलणे, यांपैकी काही दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आघातोत्तर तणावाचे आजचे निदान १९८० मध्ये अमेरिकी निदान-पुस्तिकेत आले. तात्यांची पिढी त्याआधीच घरी परतली होती आणि हा त्रास अनेकांनी स्वभाव म्हणून सोसला.

तात्यांना स्वप्ने पडत होती. ईसीएचएस या माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले आणि उपचारांनी झोप सुधारली. फोन मात्र मी थांबवू दिले नाहीत. त्यांच्या वहीत सोबत्यांचे क्रमांक होते. वारलेल्यांच्या नावापुढे तारीख लिहिलेली होती, पण एकही नाव खोडलेले नव्हते. ती वही मुलाने तात्यांच्या शेजारी बसून उतरवून घ्यावी, असे मी सुचवले. ते काम करताना त्या दोघा जवानांची गावे, त्यांच्या घरची माणसे आणि त्या रात्रीचा क्रम मुलाला प्रथमच समजला, आणि त्यांपैकी एकाच्या पुतण्याशी तात्यांचे बोलणेही झाले.

पुढच्या विजय दिवसाला, १६ डिसेंबरला, मुलगा त्यांना स्वतः खडकीला घेऊन गेला. ज्यांना इतक्या लांबचा प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी घरातच फोन लावून सर्वांची नावे वाचावीत. त्या वेळी नातवंडांनी जवळ बसावे. सोबत्यांचा पत्ता लागत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी, आणि रात्री-अपरात्री मन फारच बिघडले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.