डॉल्फिनच्या अंगावरचे गोल खड्डे

प्रश्न : आम्ही नाशिकरोडचे, समुद्र वर्षातून एकदा बघणारे. मुलीने मोबाईलवर डॉल्फिनचा फोटो दाखवला, अंगावर वाटीने कापल्यासारखे गोल खड्डे! हे कशाने होतं?

उत्तर : ताई, हे बहुतेक कुकीकटर शार्कचं काम. जेमतेम दीड फुटाचा मासा, दिवसा हजार मीटरच्याही खाली असतो न रात्री वर येतो, ओठांनी शिकारीला घट्ट चिकटतो, खालचे करवतीसारखे दात रुतवतो आणि गोल फिरून मांसाचा गोळाच काढून घेतो, आपण पुरीची पारी वाटीने कापतो ना तसंच. डॉल्फिन सहसा मरत नाही, जखम भरते. पोट हिरवट चमकतं या शार्कचं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे १९७०च्या दशकात याने अमेरिकेच्या पाणबुड्यांचे रबरी भागसुद्धा चावले होते, शेवटी त्यावर फायबरग्लासचं आवरण घालावं लागलं! मुलीला हे नक्की सांगा.