जुन्या मारुती ८०० चे पुढचे बॉल जॉइंट आणि बुश घरच्या घरी बदलता येतात का?

तुमची गाडी २००४ ची, खड्ड्यात आणि ब्रेक मारताना डाव्या पुढच्या चाकाकडे ‘धप्प’ होतं, आणि गॅरेजवाल्याने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), शॉकअप, टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा) असं सगळंच बदलायला सांगितलंय. घरी होईल का, तर होईल. माझ्या ८०० चं मी दोनदा केलंय, रत्नागिरीत, अंगणात. पण पार्ट आणायची घाई करू नका. ब्रेक मारल्यावरही आवाज येतो म्हणताय, तर मला बॉल जॉइंटपेक्षा (आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोळीचा सांधा) स्टॅबिलायझरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या आडव्या बारच्या, बुशचा (रबरी गाद्यांचा) संशय जास्त आहे.

८०० चा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर टांगलेला असतो. तो पुढे-मागे सरकू नये हे काम स्टॅबिलायझर बारचं. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबरी बुश आणि वाट्या, शेवटी नट. रबर झिजलं की ब्रेक दाबल्यावर चाक आर्मसकट मागे सरकतं. तोच तुमचा धप्प. बघायला सोपं आहे: घरातल्या कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा, दुसऱ्याने गाडी पुढे-मागे ढकलायची, तुम्ही बाजूला वाकून बारच्या टोकाकडे बघा. टोक आर्ममध्ये सरकताना दिसलं तर बुश गेले. हे बुश आर्मच्या मानाने अगदीच स्वस्त असतात.

तिथे काही नसेल तर चाक उचला. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवल्यावर खेळ (ढिलेपणा) लागला तर बहुधा टाय रॉड एंड. बारा आणि सहावर लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल तर आत माती गेलीच समजा. काही जण सिरिंजने ग्रीस मारतात, त्याने महिनाभर आवाज दबतो, झीज काही भरून येत नाही. आणि हा जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, म्हणून इथे चालढकल नको. वळताना कट-कट येत असेल तर ते एक्सलच्या जॉइंटचं दुखणं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आता जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. पहिल्यांदा मी शहाणपणा करून खाली जांभ्याचा चिरा लावला होता. वजन आलं आणि तो मधोमध दुभंगला. नशीब, मी तेव्हा पाना आणायला घरात गेलो होतो. तेव्हापासून स्टँड, शिवाय काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवतो, आणि मागच्या चाकांना ओंडके.

बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) एका आडव्या बोल्टने आवळलेली असते, आणि तो बोल्ट दांडीच्या खाचेतून जातो. त्यामुळे नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. आमच्या खाऱ्या हवेत तर याशिवाय तो हलतच नाही. स्टॅबिलायझर बारच्या वाट्यांचा क्रम आणि तोंड कुठल्या बाजूला होतं याचा फोटो काढून ठेवा. टाय रॉड एंड बदलणार असाल तर जुना काढताना किती आटे फिरले ते मोजा. त्याच्या नटाचं भोक स्प्लिट पिनशी जुळलं नाही तर नट अजून आवळून जुळवायचा, मागे फिरवायचा नाही.

आर्मच्या आतल्या टोकाच्या बुशला घरी ठोकत बसू नका, लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घ्या, किंवा सरळ नवा आर्मच आणा. रबरावर ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोळू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

आणि जे बरेचजण चुकवतात ते: आर्मचा आतला बोल्ट चाक लटकत असताना पूर्ण टाईट करू नका. बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली टेकली की ते कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. बोल्ट आधी हलकाच लावा, चाक बसवून गाडी जमिनीवर घ्या, बोनेटवर दोन-तीनदा दाबून सस्पेन्शन बसू द्या, मग खाली हात घालून शेवटचं आवळा. माझ्या पहिल्या खेपेचे बुश यामुळेच वाया गेले.

शॉकअपची स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प नसेल तर ती तोंडावर येते. ते काम गॅरेजलाच द्या.

पन्नासेक किलोमीटर फिरवून सगळे नट पुन्हा तपासा आणि अलाइनमेंटला जा. या गाडीत पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवता येतो. कॅम्बरचे (चाकाच्या उभ्या कलाचे) वेगळे पैसे सांगितले तर देऊ नका.