पॅनकेकवरचा चकचकीत स्ट्रॉबेरी सॉस

प्रश्न : रविवारी नातवंडांसाठी न्याहारीला मी पॅनकेक करते. पॅनकेक उत्तम होतात. परंतु हॉटेलात त्यांच्यावर जो चकचकीत, फोडी दिसणारा स्ट्रॉबेरी सॉस घालतात, तो घरी जमत नाही. एक तर त्याचा जॅम होतो, नाहीतर तो पाणचट राहतो. कॅरमेल सॉस करताना साखर पुन्हा रवाळ होते. दोन्हींचे काय चुकत असावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण बहुधा सगळी स्ट्रॉबेरी एकदमच शिजवत असाव्यात. फळ साखरेत जास्त वेळ उकळले, की पाणी आटते, फळातले पेक्टिन साखर आणि आंबटपणा यांच्या संयोगाने गोठते आणि जॅम तयार होतो. म्हणून फळाचे दोन भाग करावेत. अर्धा किलो स्ट्रॉबेरीचे देठ काढून फोडी कराव्यात, त्यांतील निम्म्या फोडींना १०० ग्रॅम साखर लावून अर्धा तास झाकून ठेवावे आणि सुटलेल्या रसासकट मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे शिजवावे. दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर पाव वाटी गार पाण्यात कालवून त्या उकळत्या रसात ढवळत ओतावे. रस आधी दुधाळ, गढूळ दिसू लागेल. इथे घाई करून आच बंद करू नये, कारण पीठ कच्चे राहिले तर जिभेवर पिठूळ चव राहते आणि चकाकीही येत नाही. मिनिटभर उकळल्यावर गढूळपणा जाऊन रस काचेसारखा पारदर्शक लाल दिसू लागतो. त्याच क्षणी पातेले खाली उतरवून उरलेल्या कच्च्या फोडी आणि चमचाभर लिंबाचा रस घालावा. लिंबू आधी घालून उकळत ठेवल्यास आंबटपणामुळे पिठाचा दाटपणा कमी होतो. सॉस गार झाल्यावर आणखी आळतो, तेव्हा गरम असताना थोडा सैलच ठेवावा.

महाबळेश्वर-पाचगणीचे फळ आपल्या इतके जवळ आहे, की रंग आणि इसेन्स वापरण्याचे काहीच कारण नाही. मात्र देठापाशी पांढरी राहिलेली फळे घेऊ नयेत. तोडल्यानंतर स्ट्रॉबेरीची गोडी वाढत नाही.

कॅरमेलमध्ये साखर रवाळ होते ती बहुतेक वेळा ढवळल्याने. खोलगट, जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी आणि लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घालावेत. साखर विरघळून उकळी फुटली, की चमचा अजिबात घालू नये, केवळ पातेले हलकेच फिरवावे. कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने पुसून घ्यावेत, कारण त्यांतला एक कण पाकात पडला तरी सगळा पाक साखरू शकतो. रंग मधासारखा झाला, की आच बंद करून ६० ग्रॅम लोणी आणि अर्धी वाटी कोमट क्रीम थोडेथोडे घालावे. या वेळी पाक जोराने फसफसतो, म्हणून हात लांब ठेवावा आणि मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नये. शेवटी चिमूटभर मीठ अवश्य घालावे.

दोन्ही सॉस वाढताना कोमट असावेत. स्ट्रॉबेरीचा सॉस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. तो फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गोठून वितळल्यावर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा मोडतो आणि पाणी वेगळे होते.